पात्याला लावलेला कान

जोलचू बैके, म्हणजे आम्हा सगळ्यांचे जोलचूदादा, पातं जुळवायला बसले की आमच्या कारखान्यातली सगळी यंत्रं बंद करावी लागत. कुणी खोकलं तरी ते मान वर करून बघायचे. आमचा मालक केमेल फोन वाजला तर अंगणात जाऊन बोलायचा. मालक असून.

फळ्या कापायचं ते यंत्र आमच्या शेडमधलं सगळ्यात मोठं. एका बाजूला लांबलचक सरकतं टेबल, मध्ये जमिनीतून उगवल्यासारखं उभं गोल पातं, पलीकडे फळीची कड टेकवायची लोखंडी पट्टी. टेबल ज्या रेषेत सरकतं त्याच रेषेत पातं उभं असलं पाहिजे. मागच्या बाजूनं ते जरा जरी झुकलं, तरी मागचे दात कापलेल्या कडेला घासत राहतात. कड काळी पडते, लॅमिनेटचे टवके उडतात, फळी पातं आणि पट्टीच्या मध्ये आवळली जाते.

बैकेंची पद्धत अशी. पात्याच्या एका दाताला खडूची खूण करायची. सरकत्या टेबलावर एक ठोकळा घट्ट बांधायचा आणि त्यात आडवा स्क्रू बसवायचा, डोकं त्या दाताला जेमतेम लागेल इतका. पातं हातानं डुलवलं की दात स्क्रूला घासून बारीक आवाज होतो. मग तोच दात फिरवून मागे न्यायचा, टेबल सरकवून स्क्रूही त्याच्यापाशी न्यायचा, आणि डोळे मिटून पुन्हा ऐकायचं. पुढचा आणि मागचा आवाज जुळला पाहिजे, मागचा अंमळ हलका. नाही जुळला तर खालचे बोल्ट ढिले करायचे, लाकडी हातोडीनं एक टोला, आणि पुन्हा कान लावायचा. मी त्याच शेडमध्ये फळ्यांच्या कडांना पट्टी चिकटवायच्या यंत्रावर होते. आम्हाला सगळ्यांना तो आवाज एकसारखाच वाटायचा. बैकेंना नाही.

हे त्यांना एका म्हाताऱ्या जर्मन मिस्त्रीनं शिकवलं होतं. सोव्हिएत काळात आमच्या या किर्गिझ गावात, कारा-बाल्टात, जर्मन पुष्कळ होते, मग एकेक करत निघून गेले. तो मिस्त्री म्हणायचा म्हणे, "डोळ्याला चष्मा लागतो पोरा, कानाला काही लागत नाही." बैके हे सांगून हसायचे. दुसऱ्या कारखान्यांतून, पार तोकमोकहून माणसं त्यांना न्यायला यायची. गाडीत बसताना ते टोपी नीट करायचे, बाकी चेहऱ्यावर काही नाही. पण कूलिपा वहिनी, त्यांची बायको, मला म्हणायची, "गाडी दारात उभी राहिली ना, की हे दोनदा दाढी करतात."

एशिम त्यांचा धाकटा भाऊ. दोघांत इतकं अंतर की नवा माणूस त्यांना बाप-लेक समजायचा. आई एशिमच्या बाळंतपणात गेली, बाप वरच्या कुरणांवर घोडे राखायचा आणि एका वसंतात कोसळत्या बर्फाखाली सापडून गेला. बैके तेव्हा नुकते कामाला लागले होते. त्यांनी एशिमला डोंगरातून खाली आणलं, खोलीवर ठेवलं, शाळेत घातलं, आणि शाळेत काही होत नाही म्हटल्यावर आपल्याजवळ करवतीवर घेतलं. रोज करवत चालवायचा एशिम, ती जुळवून द्यायची बैकेंनी, असं पुढे ठरूनच गेलं.

एशिमचं तोंड बंद म्हणून नसायचं. करवत चालू असताना गायचा, बंद असताना आमच्या नकला करायचा. केमेलची चाल, माझं यंत्रावर वाकणं, गिऱ्हाइकांचं "अजून थोडं कमी करा ना." बैकेंची नक्कल मात्र त्यानं कधी केली नाही. त्याची बायको ताझागुल जवळच्याच गावातली, शिवणकाम करायची. त्यांना एक मुलगी, आयिम. बापासारखीच बडबडी.

बैकेंचे कान कधी जायला लागले ते कुणालाच नेमकं सांगता यायचं नाही. हळूहळू गेले. आम्ही कानांवर जाड झाकणं लावायचो, बैकेंनी कधी लावली नाहीत. "कानावर झाकण ठेवल्यावर पातं काय म्हणतंय ते मला कसं कळणार?" असं म्हणायचे. सगळं आयुष्य त्या किंकाळीत उघड्या कानांनी उभं राहिलेला माणूस.

एकदा चहाच्या वेळी ताझागुल तळलेल्या कणकेच्या बोरसोकांचा डबा घेऊन आली. बैकेंसमोर ती नेहमी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून बोलायची. म्हणाली, "भावजी, बोरसोक आत्ताच तळलेत. देऊ?"

बैके म्हणाले, "हो, परवा. परवा बसवू दार."

एशिमनं डबा हातात घेतला. "परवापर्यंत बोरसोकचे दगड होतील, बैके. मग दाराला कुलूप म्हणून लावू."

आम्ही हसलो. बैकेही हसले, पण आमच्याकडे बघून, जरा उशिरानं.

कूलिपा वहिनी घरी कावून गेली होती. "मी काय बाई, मेंढपाळ झालेय घरातल्या घरात," ती मला म्हणायची. "हाका मारून मारून घसा बसला. विचारलं तर म्हणतात थंडीनं कान दाटलेत. जूनमध्ये कसली थंडी?" तिनं गरम तेल घातलं, मिठाची पुरचुंडी बांधली, शेवटी हट्ट करून बिश्केकला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, आतल्या शिराच गेल्यात, आणखी जातील. परतीच्या गाडीत बैके खिडकीबाहेर बघत राहिले, आणि घराच्या दाराशी तिला म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाही. करवतीवरच्या माणसाला कान नाहीत म्हटल्यावर केमेल माझ्या हातात झाडू देईल." ती बोलली नाही. मलाही तिनं हे सगळं नंतर सांगितलं.

पातं जुळवायचं दुसरं साधन नव्हतं असं नाही. केमेलनं पूर्वी कधीतरी काट्याचं माप आणलं होतं. घड्याळासारखी तबकडी, खाली लोहचुंबक. टेबलावर चिकटवायचं, टोक दाताला टेकवायचं, केसाएवढा फरक असला तरी काटा हलतो. बैकेंचे कान तेव्हा धड होते. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, "शिकाऊ पोरांना बरं आहे," म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं. आता ते बाहेर काढायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करण्यासारखंच होतं. ते माप कपाटात, आणि बैके यंत्रापाशी ओणवे. एकदा मी पाहिलं, त्यांनी कपाळ लोखंडी टेबलावर टेकवलं होतं आणि हातानं पातं डुलवत होते.

"बैके, चक्कर येतेय का?" मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, मनात दुवा म्हणत असतील. ते कपाळानं ऐकायचा प्रयत्न करत होते, हे मला फार नंतर उमगलं.

त्याच सुमाराला एशिम सकाळी सगळ्यांच्या आधी यायला लागला. आम्ही आलो की तो चहा ठेवून बसलेला असायचा.

"काय रे, बायकोनं घराबाहेर काढलं का?" मी चिडवलं.

"एजे, भुश्याचा वास आल्याशिवाय मला जाग येत नाही. ताझागुलनं उशीत भुसा भरायचं कबूल केलंय, तोवर येतो."

मला एजे, म्हणजे ताई म्हणायचा, आणि असंच काहीतरी बोलायचा. त्याच्या कुठल्याही बोलण्याचा कुणी विचार करत बसायचं नाही.

त्या वर्षी शरदात शेडचं छप्पर गळायला लागलं, नेमकं करवतीच्या डोक्यावर. केमेलनं माणसं बोलावून ते अख्खं यंत्र पलीकडच्या भिंतीला हलवलं. हलवलं म्हणजे सगळं पहिल्यापासून जुळवणं आलं. लग्नांचे दिवस होते. एका घरात सून यायची होती आणि त्यांचं स्वयंपाकघर, कपाटं, सगळं आमच्याकडून जायचं होतं. केमेल दर थोड्या वेळानं दारात येऊन नुसता उभा राहायचा.

बैके सकाळपासून यंत्राला भिडले होते. एशिम भोवती घुटमळत होता.

"बैके, तुम्ही जेवून या. मी बघतो तोवर."

बैकेंनी त्याच्या तोंडाकडे बघून अर्थ लावला. "तू काय बघणार? बस तिकडे."

"वहिनीनं नूडल्स केलेत, थंड होतील."

"होऊ देत."

ते जागचे हलले नाहीत. ठोकळा बांधला, स्क्रू बसवला, डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प. बोल्ट ढिले केले, आवळले, पुन्हा ढिले केले. पूर्वी ते हे काम करायचे तेव्हा त्यांचा चेहरा झोपलेल्या मुलासारखा निवांत व्हायचा. त्या दिवशी कपाळावर घाम होता. शेवटी त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "झालं."

एशिमनं फळी चढवली. पात्याच्या मागे एक पोलादी पाचर उभी असते, कापलेली फळी पुन्हा मिटून पात्याला धरू नये म्हणून. खणांच्या खाचा पाडायला त्यानं ती आदल्या दिवशी काढली होती, आणि परत लावली नव्हती. असं सगळेच करतात. आमच्या गावात कुठल्याही कारखान्यात जा, ती पाचर बहुतेक खिळ्याला टांगलेली दिसेल.

मी माझ्या यंत्रावर होते, त्याचा पंखा चालू होता. पहिल्या पट्ट्या कापून झाल्यावर एशिमनं करवत थांबवली. एक पट्टी उचलून बैकेंना तिची कड दाखवली. पात्याच्या मागच्या बाजूला बोट करून काहीतरी म्हणाला. बैकेंनी मान डोलावली. "हो, हो." एशिम त्यांच्याकडे बघत राहिला. मग आमच्याकडे एक नजर टाकली, दारातल्या केमेलकडे, माझ्याकडे. बैकेंच्या खांद्यावर थाप मारली आणि हिरवं बटण दाबलं.

नंतरचा आवाज मलाही पंख्याच्या वर ऐकू आला. दार आपटावं तसा. कापलेली पट्टी पात्याच्या मागच्या दातांनी उचलली आणि उलटी एशिमकडे फेकली. ती एशिमच्या डाव्या बरगड्यांखाली बसली आणि पार भिंतीपर्यंत घरंगळत गेली. तो फळ्यांच्या थप्पीवर बसला. आम्ही धावलो. रक्त नाही, काही नाही. शर्ट वर केला तर नुसता लाल पट्टा.

"घोड्यानं लाथ मारली," तो म्हणाला. "बरं झालं, नाल नव्हता." आणि हसला. मी चहा दिला, तो प्यायला. केमेल म्हणाला, "घरी जा, आडवा हो." "कप तर संपवू दे. मालक झालास म्हणून चहा ओतून द्यायचा का?" असं म्हणत त्यानं कप संपवलासुद्धा.

बैके त्याच्यासमोर उकिडवे बसले होते, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. थोड्या वेळानं एशिम बोलायचा थांबला. तो गप्प बसला तेव्हाच मी घाबरले. ओठ पांढरे पडले होते. डावा खांदा दुखतो म्हणाला, आणि डोळे फिरवले. आतल्या आत रक्त जात होतं, आम्हाला काय कळणार.

केमेलच्या गाडीत त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं बैकेंच्या मांडीवर. पुढचं मला केमेलनं सांगितलं. घाईघाईत बैकेंच्या बाजूची काच उघडीच राहिली होती, आणि डोंगरावरून वारा सुटला होता. एशिम म्हणत होता, "बैके, काच लावा ना. गार लागतंय." बैके त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होते, "हो, हो." तो पुन्हा म्हणाला. बैके म्हणाले, "हो रे, हो, पोचलोच." केमेल पुढून ओरडला, "काच लावा, बैके! काच!" बैकेंचं लक्ष भावाच्या तोंडाकडे. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच एशिम गेला. काच उघडीच होती.

"मी गाडी थांबवून लावायला पाहिजे होती," केमेल मला म्हणाला. "पण मी म्हटलं, तेवढा वेळ जाईल."

अंगणात लोकरी तंबू उभा राहिला. आमच्याकडे मयताला तंबूत ठेवतात. बायका आत, तोंड भिंतीकडे करून बसतात आणि गेलेल्याचं नाव घेऊन विलाप गातात. पुरुष बाहेर, काठीवर वाकून, येणाऱ्या प्रत्येकाबरोबर नव्यानं हंबरडा फोडतात. बैके तंबूच्या दाराशी पहिले उभे होते. त्यांचा सूर बाकीच्यांपेक्षा वेगळा लागत होता, मध्येच चढायचा, मध्येच तुटायचा. लोकांना वाटलं दुःखानं. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

माती झाल्यावर ते केमेलकडे गेले. मी तिथंच भांडी आवरत होते. बैके म्हणाले, "पातं मी चुकीचं लावलं. मला ऐकू येत नाही. वर्ष झालं, दोन झाली. मी तुझ्याशी खोटं बोललो."

केमेलनं त्यांचे दोन्ही हात धरले. "असं काही बोलू नका. पाचर त्यानं काढली होती. फळीच्या रेषेत तो उभा राहिला होता. चौकशीला आलेल्यांनी पण हेच लिहिलंय." बैके त्याच्या ओठांकडे बघत होते. कितपत कळलं कुणास ठाऊक. मग ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे गेले, जे घोड्याचं मटण वाटायचं बघत होते, आणि पुन्हा तेच बोलले, मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. म्हाताऱ्यांनी दाढ्यांवरून हात फिरवले. त्यातला एक म्हणाला, "त्याचं दाणापाणी तेवढंच लिहिलं होतं, बाबा. तू कोण बदलणारा?" दुसऱ्यानं मला खूण केली, याला आत ने, झोपव. कुणी रागावलं नाही, कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं.

शेवटी ते तंबूत आले. आत आम्ही चारपाच बायका होतो, ताझागुल मध्ये, काळ्या कपड्यांत, भिंतीकडे तोंड करून. आयिम तिच्या मांडीवर झोपलेली. बैके दाराशीच गुडघ्यांवर बसले.

"ताझागुल," ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला मी मारलं. मला ऐकू येत नव्हतं तरी मी पातं जुळवलं आणि झालं म्हणालो. त्यानं मला काहीतरी दाखवलं, मी काय ते न कळताच हो म्हणालो. आता तू काय म्हणशील ते म्हण."

ताझागुल वळली नाही. रिवाजच तसा आहे, आणि तिच्यात वळायची ताकदही नव्हती. भिंतीकडे बघतच ती बोलली, हळू, पण आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आम्हाला माहीत होतं, भावजी. त्याला कधीचं माहीत होतं. तो पहाटे जाऊन कपाटातलं माप काढायचा आणि तुमचं पातं पुन्हा लावायचा. म्हणायचा, बैकेंना कळता कामा नये की आपल्याला कळलंय. त्या दिवशी तुम्ही यंत्रापासून हललाच नाहीत. सगळ्यांसमोर तो तुम्हाला चुकलं म्हणणार नव्हता. तुमची लाज राखायला गेला तो."

बैके ताझागुलच्या पाठीकडे बघत होते. वाट बघत होते. त्यांना वाटलं ती काहीच बोलली नाही. शेवटी त्यांनी जमिनीला हात लावला, उठले आणि निघून गेले.

कूलिपा वहिनी माझ्या शेजारीच होती. तिनं माझा हात धरला. "देवानं एवढं तरी बरं केलं," ती म्हणाली. "त्यांना ऐकू आलं नाही."

पण पाठमोरं बोललेलं एक अक्षरही त्यांना कळत नाही, ओठ बघूनच कळतं, हे ताझागुलला कुठं ठाऊक होतं? तिला पाठीमागे काही दिसलं नव्हतं. तिला एवढंच कळलं की तिनं सगळा जीव एकवटून ते सांगितलं आणि थोरला दीर एक शब्द न बोलता उठून गेला. ते तिच्या मनात सलत राहिलं. मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर ती त्यांच्या घरी आली. मी वहिनीला कणीक मळू लागले होते. बैके खिडकीशी बसले होते. ताझागुल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं रुमाल मागे सारला. इतक्या वर्षांत त्यांनी तिचा पुरा चेहरा पहिल्यांदा पाहिला असेल.

"मी तुम्हाला उत्तर दिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही निघून गेलात."

"काय म्हणालीस?" बैकेंनी विचारलं.

वहिनी पिठाच्या हातांनीच पुढे झाली. "ताझागुल, नको. पाया पडते तुझ्या."

"का नको? तो यांच्यासाठी गेला आणि यांना माहीतही असू नये?" आणि तिनं सगळं पुन्हा सांगितलं. एकेक शब्द तोंड मोठं करून, हातांनी दाखवून. पहाट. कपाट. माप. तुमचं पातं. रोज.

बैके पहिल्यांदा समजले नाहीत. मग समजले. ते कसं दिसतं ते मी पाहिलंय आणि मला पुन्हा पाहायचं नाही. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" ताझागुल म्हणाली, "गेल्या वर्षी बर्फ पडायच्या आधीपासून." बैके बोटं मोजायला लागले, ओठ हलवत. तोकमोकचं कपाट, शाळेची बाकं, त्या हिवाळ्यात त्यांची वाहवा झालेलं एकेक काम ते आठवत होते. मग बोटं तशीच राहिली.

"म्हणजे मी काहीच करत नव्हतो," ते म्हणाले.

ताझागुलचा राग तिथंच संपला असावा. ती खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. सुनेनं थोरल्या दिराला असं शिवायचं नसतं. वहिनीनंही तिला अडवलं नाही. बैकेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, मागेही घेतला नाही, तो हवेतच राहिला होता.

त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत. केमेल दोनदा बोलवायला गेला, जोडकाम द्यायचं म्हणून. दुसऱ्या वेळी बैकेंनी त्याला हात धरून फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटक लावून घेतलं. करवतीवर आता दुसरा माणूस आहे. तो मापानं पातं जुळवतो, पटकन होतं त्याचं. आम्हाला यंत्रं बंद करावी लागत नाहीत.

वर्षाच्या जेवणाच्या आधी बैकेंच्या कझानला असणाऱ्या मुलीनं तिकडून कानाचं यंत्र पाठवलं. वहिनीनं ते लावून दिलं. ती मला म्हणाली, "अगं बुरुल, ताझागुल आता शेवटचा विलाप गाईल, काळे कपडे उतरवेल, एवढं तरी यांनी ऐकावं." त्या दिवशी बैके तंबूला पाठ लावून बसले, आत ताझागुल गात होती. फार सुंदर गायली. एशिमच्या गाण्यांबद्दल, त्याच्या नकलांबद्दल, मुलीबद्दल. बाहेरचे पुरुष टोप्यांनी डोळे पुसत होते. मी बैकेंसाठी चहा घेऊन गेले आणि खुणेनं विचारलं, येतंय ऐकू?

"आवाज येतोय," ते म्हणाले. "घोडे, भांडी, पोरं, ती. सगळा एकच घरघराट. शब्द नाही त्यात." मग कानातलं काढून माझ्या हातातल्या बशीत ठेवलं. "तिला सांग, ऐकलं म्हणून."

मी तसं सांगितलं. ताझागुलनं मान हलवली. तिनं विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

हिवाळा लागायच्या आत ती आयिमला घेऊन मॉस्कोला गेली. तिची बहीण तिथं शिवणाच्या कारखान्यात आहे, तिनं जागा बघून ठेवली होती. इथं काय ठेवलं होतं तिला? बैके गाडीपर्यंत आले, सामान त्यांनीच चढवलं. मुलीच्या कोटाची बटणं लावली आणि घरात गेले, गाडी सुटायची वाट न बघता.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी म्हणाली, ते आता बोलतच नाहीत फारसे. बोलले तरी शब्द अर्धवट येतात, जिभेला वळण राहिलं नाही. वासरू पाळलंय, दिवसभर त्याच्यापाशी असतात. मी होते तेवढ्यात मॉस्कोहून फोन आला, चित्राचा. वहिनीनं बैकेंना ओढून समोर बसवलं. पडद्यावर आयिम. उंच झालीये. तिला कुणीतरी शिकवलंय, मोठ्या काकांशी सावकाश बोलायचं, तोंड उघडून. ती म्हणत होती, "आ-मच्या-कडे-बर्फ-पड-लाय." मग पुन्हा तेच, आणखी सावकाश, नाक फोनला लागेपर्यंत जवळ येऊन, हसत.

बैके तिच्या तोंडाकडे बघत होते. हसताना तिचा वरचा ओठ एका बाजूला उचलतो, डाव्या, बापाचा उचलायचा तसाच. वहिनीनं ते माझ्या आधी पाहिलं असावं, कारण तिनं फोन आपल्याकडे वळवला. पण तोवर बैके उठले होते. त्यांनी दारामागची बादली घेतली आणि वासराला पाणी दाखवायला गेले. आयिम विचारत होती, "मोठे काका कुठं गेले? त्यांना कळलं का, मी काय म्हणाले ते?"

"कळलं गं, बाळ," वहिनी म्हणाली. "बर्फ पडलाय म्हणालीस ना? कळलं त्यांना."